कियांती आणि मनोरीचें ताट

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आम्ही मद्य घेत नाहीं. आमच्या घराण्यांत कोणीं घेतल्याचें ऐकिवांत नाहीं. आणि या वयांत नवीन व्यसन लावून घेण्याची हौसहि नाहीं. तरी इटली देशांतील एका प्रांताचें तांबडें द्राक्षासव व त्यास मानवणारें अन्न या विषयावर लिहावयास आम्ही बसलों आहों. 'साठी बुद्धि नाठी' ही म्हण एखाद्या वाचकभगिनीच्या ओठांवर येईल. तिनें ती क्षणभर राखून ठेवावी व लेख शेवटपर्यंत वाचून मग काय तो निकाल द्यावा, एवढीच विनंति.

मालाडच्या पश्चिमेस मार्वें येथें तरींत बसून खाडी ओलांडली कीं मनोरी लागते. आमचें बिऱ्हाड मालाडास व नोकरी मनोरीच्या शाळेंत. यामुळें एकतीस वर्षें, सुटीचे दिवस वगळतां, ही खाडी आम्हीं रोज दोनदां ओलांडली. गांवांत कोळी, भंडारी व रोमन कॅथलिक 'ईस्ट इंडियन' यांची वस्ती. या शेवटल्या नांवानें वाचकांनीं फसूं नये. हे लोक पूर्वेकडून आलेले नव्हेत. ते साष्टी-वसईकडचेच मूळ रहिवासी, पोर्तुगीज अमलांत ख्रिस्ती झालेले, व त्यांची घरची बोली मराठीच. गोंवा इत्यादि भागांतून मुंबईस आलेल्या ख्रिस्ती मंडळींहून आपण निराळे हें कळावें, म्हणून १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षीं, त्यांनीं हें नांव धारण केलें.

या घरांतील पुष्कळ मुलें आमच्या हाताखालून गेलीं. साहजिकच नाताळ, बारसें, लग्न अशा प्रसंगांचीं आमंत्रणें येत. आम्ही जात असूं. लग्नाच्या आदल्या दिवशीं 'उंबराचें पाणी' वाजतगाजत आणतात, तेंहि आम्हीं अनेकदां पाहिलें. परंतु पानावर बसण्याची वेळ आली कीं आमचें उत्तर ठरलेलें: "आज उपास आहे." मग एक नारळ व दोन केळीं पिशवींत घालून आम्ही परतीची तर गांठीत असूं. एका वर्षीं एकाच आठवड्यांत दोन लग्नें निघालीं, तेव्हां मंगळवारीं एक व गुरुवारीं एक असे दोन उपास आम्हांस लागले. मुलें ऐकून घेत, हंसत नसत. त्यामुळें आमची समजूत अशी कीं, कोणाच्या कांहीं लक्षांत येत नाहीं.

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा दूरध्वनि आला. हा गृहस्थ उतारूंच्या मोठ्या जहाजावर मुदपाकखान्यांत अधिकारी आहे व वर्षांतील आठ महिने भूमध्य समुद्रांत असतो. म्हणाला, "सर, आईला पंचाहत्तर वर्षें पुरीं होतायत. तिनें विचारायला सांगितलंय कीं, त्या दिवशीं सरांचा उपास कोणता?"

आम्ही निरुत्तर झालों. आमच्या मंडळींनीं मुकाट्यानें पंचांग पुढें ठेवलें. वार बुधवार, तिथि द्वितीया. उपास कांहीं निघेना.

घर खाडीच्या तोंडाशीं, माडांच्या सांवलींत. ओटीवर मेजाभोंवतीं दहा-बारा माणसें. मध्यें एक काळसर हिरवी बाटली. तिच्या गळ्यावर काळ्या कोंबड्याचें चित्र. विद्यार्थ्यानें ती इटलींतील टस्कनी प्रांताच्या लिव्होर्नो बंदरांत विकत घेतली होती. नांव कियांती. "सर, पिऊं नका," तो म्हणाला, "पण नांवाचा अर्थ तुम्हींच सांगायला हवा. शाळेंत तुम्ही आधीं व्युत्पत्ति सांगायचे आणि मग धडा." त्या वेळीं सांगतां आलें तें थोडें होतें, पुढें ग्रंथ चाळून जें मिळालें तें येथें सविस्तर देतों.

कियांती हें द्राक्षाचें नांव नव्हे, कोणा कारखानदाराचेंहि नव्हे. फ्लॉरेन्स व सिएना या दोन शहरांमधील डोंगराळ मुलुखाचें तें नांव आहे. १७१६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत टस्कनीचा अधिपति तिसरा कोझिमो दे मेदिची यानें आज्ञापत्र काढून या मुलुखाच्या सीमा नेमून दिल्या. त्या सीमांबाहेर पिकलेल्या वाइनीस तें नांव लावण्यास मनाई केली. भूमीच्या नांवानें वाइनीची सीमा आंखून देणाऱ्या जगांतील अगदीं पहिल्या राजाज्ञांपैकीं ही एक होय. कोंबड्याची कथा याहूनहि जुनी. फ्लॉरेन्स व सिएना यांच्यांत सीमेचा तंटा होता. दोहींकडून एकेक स्वार पहिल्या बांगेबरोबर निघावा व जेथें गांठ पडेल तेथें सीमा, असें ठरलें. सिएनाच्या लोकांनीं पांढरा कोंबडा खाऊंपिऊं घालून माजविला; फ्लॉरेन्सवाल्यांनीं काळा कोंबडा उपाशी ठेवला. भुकेला कोंबडा उजाडण्याच्या पुष्कळ आधींच आरवला आणि बहुतेक सर्व मुलूख फ्लॉरेन्सकडे आला. १९२४ सालीं तेथील बागाईतदारांनीं आपला संघ स्थापला, तेव्हां या कोंबड्यासच त्यांनीं निशाणी केलें. उपाशीपोटीं केलेल्या कामगिरीचें असें चीज फार थोड्यांच्या वांट्यास येतें; आमच्या उपासांचें तर झालें नाहीं.

वस्तूस तिच्या देशाचें नांव द्यावें, ही कल्पना आपणांस नवी नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे सहा प्रकार सांगितले आहेत. पैकीं मधु म्हणजे द्राक्षरसाचें मद्य. आणि त्याचे भेद सांगतांना ग्रंथकार त्याच्या जन्मदेशाकडे बोट दाखवितो: एक कापिशायन, दुसरें हारहूरक. कापिशी नगरी हल्लींच्या अफगाणिस्तानांत, काबूलच्या उत्तरेस होती. तिच्या नांवापासून 'कापिशायन' हा शब्द सिद्ध व्हावा म्हणून पाणिनीनें चक्क एक सूत्र खर्ची घातलें आहे, आणि काशिकाकारांनीं त्यास उदाहरणें दिलीं आहेत तीं मधूचें व द्राक्षाचें. मेदिची महाराजांनीं जें राजाज्ञेनें केलें, तें आमच्या वैयाकरणानें त्यापूर्वीं दोन हजारांहून अधिक वर्षें तद्धित प्रत्ययानें केलें होतें.

आतां द्राक्षाविषयीं. कियांतीचें मुख्य द्राक्ष सांजोव्हेसे. या नांवाची व्युत्पत्ति लॅटिनांतून 'जोव्हचें रक्त' अशी सांगतात. ती खरी असो वा लोकांनीं मागाहून रचलेली असो, जोव्ह म्हणजे ज्युपिटर, आणि ज्युपिटर म्हणजे वेदांतील द्यौष्पिता, हा भाषाशास्त्राचा सिद्धांत मात्र पक्का आहे. तेव्हां नात्यानें हें द्राक्ष अगदींच परकें म्हणवत नाहीं. इटलीचे एक मुख्य प्रधान बेत्तिनो रिकाझोली यांची जमीनदारी याच मुलुखांत होती. त्यांनीं १८७२ सालीं एका पत्रांत या वाइनीचें प्रमाण लिहून ठेवलें: सांजोव्हेसे गंधासाठीं व जोमासाठीं, कानायोलो हें दुसरें द्राक्ष तीव्रता कमी करण्यासाठीं, आणि लवकर संपवावयाची असेल तर थोडें मालव्हाझिया हें पांढरें द्राक्ष. पुढें १९३२ मध्यें कियांती नांवाचा प्रदेश पुष्कळ वाढविण्यांत आला. म्हणून मूळ मुलुखाची वाइन 'कियांती क्लासिको' या नांवानें वेगळी ओळखूं लागले. हल्लींच्या नियमाप्रमाणें या क्लासिकोंत सांजोव्हेसेचा वांटा शेंकडा ८० हून कमी चालत नाहीं, व २००६ सालच्या पिकापासून पांढरीं द्राक्षें अजिबात वर्ज्य झालीं आहेत.

हें झालें नांवाचें. आतां रसाचें पाहूं. आपल्या शास्त्रांत रस सहा. त्यांपैकीं कियांतींत दोन प्रबळ: आम्ल व कषाय. तुरटपणा येतो तो द्राक्षाच्या सालींतील व बियांतील टॅनिन नामक द्रव्यामुळें. चहा, सुपारी, हिरडा, डाळिंबाची साल यांतहि तें असतें. लाळेंतील प्रथिनांशीं तें चिकटतें, त्यामुळें लाळेचा बुळबुळीतपणा जातो व जीभ कोरडी पडते. परंतु त्याच घोटाबरोबर तोंडांत प्रथिनें व स्निग्धांश असलेलें अन्न असेल, तर टॅनिन तिकडे गुंततें व जिभेची सुटका होते. कडक चहांत दूध घातलें कीं तुरटपणा मोडतो, तें याच कारणानें. आम्लाचा नियम उलट आहे. अन्न आंबट असेल तर पेयहि निदान तितकेंच आंबट हवें; नाहीं तर पेय पाणचट लागतें. म्हणून टोमॅटोच्या पदार्थांशीं कियांतीचें सूत जमतें.

सुश्रुतसंहितेंत अन्नपानविधीच्या अध्यायांत कोणत्या अन्नावर कोणतें अनुपान घ्यावें याचा विस्तारानें विचार आहे. टस्कनीच्या शेतकऱ्यांनीं तो ग्रंथ पाहिलेला नव्हता. पण त्यांचें जेवण पाहावें. तेथील पाव अळणी, मीठ न घातलेला. शिळा पाव, टोमॅटो, लसूण व ऑलिव्हचें तेल एकत्र शिजवून ते लोक एक दाट कालवण करतात, त्यास पाप्पा अल पोमोदोरो म्हणतात. पालेभाजी, घेवड्याचे दाणे व शिळा पाव यांचें दुसरें कालवण रिबोल्लीता. शब्दाचा अर्थ 'पुन्हां उकळलेलें'. शिवाय मेंढीच्या दुधाचें पेकोरीनो चीज, आणि सणावारीं निखाऱ्यावर भाजलेलें मांस. पण रोजचा आधार कडधान्याचा. इतका कीं, इटलींतील इतर प्रांतांचे लोक टस्कनीवाल्यांस थट्टेनें 'घेवडेखाऊ' म्हणतात. तेल, चीज व दाणे तुरटपणा मोडतात. टोमॅटो आंबटपणाशीं मिळतो. एका मातींत पिकलेल्या वस्तू शेंकडों वर्षें एका ताटांत राहिल्या म्हणजे एकमेकींस सांभाळून घेतात. मजा ही कीं टोमॅटो व हा घेवडा मूळचे अमेरिकेचे. पोर्तुगीजांनीं मनोरीकडे मिरची आणली, ती अशीच तेथूनच.

आतां मनोरीच्या ओटीवरील ताटाकडे येऊं. परीक्षा घेणारे ते, व परीक्षक आम्ही, तेंहि केवळ मुद्रा पाहून गुण देणारे. प्रथम तळलेले बोंबील आले. ज्यांनीं बोंबिलावर कियांतीचा घोट घेतला, त्या सर्वांनीं तोंडें वांकडीं केलीं. एक म्हणाला, "लोखंड चाटल्यासारखं लागतं." त्याचें म्हणणें अक्षरशः खरें निघालें: तांबड्या वाइनींत लोहाचा सूक्ष्म अंश असतो, त्याची माशांतील चरबीशीं गांठ पडली कीं हा वाईट स्वाद उठतो. दुसरें आलें इंदियाल; म्हणजे बाटली मसाला व शिरका घालून शिजविलेलें मांस. बाटली मसाला ही या समाजाची खास वस्तु. पावसाळ्यापूर्वीं मिरच्या व वीसएक जिन्नस वाळवून, भाजून, कुटून, काळ्या बाटल्यांत ठासून भरतात व वर्षभर पुरवितात. येथेंहि इटलीची वाइन हरली. मद्यामुळें मिरचीचा दाह वाढतो, त्यांत तुरटपणाची भर. आणि शिरक्याच्या आंबटापुढें कोणत्याहि वाइनीचा आंबटपणा टिकत नाहीं.

इतक्यांत यजमानीणबाई म्हणाल्या, "ह्याला माडीच पायजे. तुमचं इटलीचं पानी नाय चालायचं." त्यांचें म्हणणें शास्त्रास धरून आहे. माडाच्या पोयींतून पाझरणारा रस पहांटे गोड असतो, दुपारपर्यंत फसफसतो, सांजेस आंबट होतो, व पुढें कांहीं दिवसांत त्याचाच शिरका बनतो. गोडसर, मंद मद्याची माडी मिरचीचा दाह शमविते. तिचाच शिरका कालवणांत. आणि पिठाचे गोळे तळून जे फुगे करतात, तेहि पूर्वीं माडीनेंच फुगवीत, आतां बहुधा यीस्टनें. म्हणजे मनोरीच्या ताटालाहि त्याचें कापिशायन होतें. फक्त त्यास कोणा राजानें सीमा आंखून दिली नाहीं कीं कोणा पाणिनीनें सूत्र दिलें नाहीं. आम्ही नोकरीस लागलों तेव्हां सकाळच्या तरींतून माडांवर चढलेलीं माणसें हटकून दिसत. हल्लीं माड आहेत. चढणारा क्वचित् दिसतो.

यानंतर आमचें पान आलें. तांदळाची हातभाकरी, वालाची उसळ, टोमॅटोचें सार, दही. उसळींत खोबरें सढळ, मसाला बोटाच्या पेराइतका. "मास्तर, मांसाचा हात लागला नाय कशाला," बाई म्हणाल्या, "भांडीं बी नवीं हायत." पातेलें त्यांनीं मेजावरच ठेवलें होतें. त्याच्या बुडाशीं दुकानाची किंमतीची चिठ्ठी अर्धवट तशीच चिकटलेली होती.

आम्ही त्या चिठ्ठीकडे पाहत राहिलों. ज्या बाईनें एकतीस वर्षें आमचे उपास मोजले, तिनें आमच्यासाठीं बाजारांतून पातेलें आणलें होतें. कोणत्याहि एका वर्षीं आम्हीं "मांसाहार करीत नाहीं, साधें कांहीं असेल तर वाढा" एवढें खरें सांगितलें असतें, तर या ओटीवर आम्हांस तेव्हांच पान मिळालें असतें. सोंवळें राखण्यासाठीं आम्ही खोटें बोललों. आणि खोटें बोलून कोणतें सोंवळें राहतें, हें कोणत्याच स्मृतींत आम्हांस सांपडलेलें नाहीं. आम्ही जेवलों. दोनदां उसळ मागून घेतली.

आणि वाचकहो, त्या दिवसाचा खरा निकाल पुढेंच आहे. आमच्या पानांतील वाल व सार चाखून विद्यार्थ्यानें कियांतीचा घोट घेतला, आणि जहाजावरचा तो अनुभवी गृहस्थ क्षणभर थबकला. "सर, हेंच तें! तिथल्या शेतकऱ्याचं जेवण हेंच." दाणे, टोमॅटो, स्निग्ध खोबरें, बेताचा मसाला. मेजावरील सर्व पक्वान्नांत इटलीच्या वाइनीशीं जुळलें तें निरामिष मास्तरांचें पान! नंतर ज्यानें त्यानें वाल मागितले व आमच्या वांट्याचें पातेलें रिकामें झालें.

मेजावर दुसरी एक बाटली होती. विद्यार्थ्याच्या धाकट्या भावानें आणलेली. ती सोलापूर जिल्ह्यांतील अकलूजची. तेथें २००७ च्या सुमारास मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी व इटलीचे सेक्की अशा तीन घरांतील भावांनीं मिळून द्राक्षबागा लावल्या; म्हणून संस्थेचें नांव 'फ्रातेल्ली', म्हणजे 'भाऊ'. टस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांनीं तेथें सांजोव्हेसे व काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांची 'सेत्ते' नांवाची वाइन घडविली. इटलींत द्राक्षाची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरांत. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षांतून दोनदां करावी लागते व वाइनीचें पीक हिंवाळ्याच्या अखेरीस हातीं येतें. द्राक्ष तेंच, हात टस्कनीचा. तरी अकलूजच्या वाइनीस कियांती म्हणतां येत नाहीं. वेल परदेशीं रुजते, माणूसहि रुजतो. नांव मात्र भूमीचें भूमीपाशीं राहतें. अकलूजनें आपल्या नांवानेंच मोठें व्हावें, हें योग्यच आहे.

ज्या घरांत हें पेय चालतें, त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी. तांबडी वाइन खोलीच्या उष्णतेवर द्यावी हा नियम थंड देशांतला. मुंबईच्या उकाड्यांत बाटली अर्धा तास शीतपेटींत ठेवून १६ ते १८ अंशांवर आणावी. वांग्याचें भरीत, टोमॅटोची भाजी, वालाची वा राजम्याची उसळ, पनीर अशा पदार्थांशीं ती जुळते; मासळी, लोणचें व झणझणीत रस्सा यांशीं जुळत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे कीं मद्याचें अपायरहित असें कोणतेंहि प्रमाण नाहीं. सबब ज्यांच्या घरीं तें नाहीं, त्यांनीं या लेखामुळें आणूं नये. जुळणीचा विचार ताकाच्या व साराच्या बाबतींतहि तितकाच उपयोगीं आहे.

परततांना बाईंनीं माडीच्या शिरक्याची एक लहान बाटली आमच्या पिशवींत घातली. नारळ व केळीं मात्र या खेपेस दिलीं नाहींत. तरीवर पाय ठेवण्यापूर्वीं आम्हीं त्यांस मालाडास जेवावयाचें आमंत्रण दिलें, व विद्यार्थ्यास बजावलें कीं बाटली आणूं नये. बेत पुरणपोळीचा आहे, आणि गोडापुढें कियांती कडू लागते. बाई म्हणाल्या, "येते. बुधवारींच येते. मंगळवार-गुरुवारचा माजा बी उपास असतो."

आमच्या मंडळींनीं त्या दिवसासाठीं अजून नवें पातेलें आणलेलें नाहीं. जुन्याच भांड्यांत पुरण शिजेल व एकाच पंक्तीस पानें मांडलीं जातील, असें त्यांनीं ठरविलें आहे. आणि या बाबतींत आमचें मत त्यांनीं विचारलेलें नाहीं.